गुळगुळीत नसलेल्या जगाचे गणित

वाराणसीस प्रथमच आलेला यात्रेकरू चौकाकडून आत वळला की थोड्याच वेळात वाट चुकतो. दोन्ही बाजूंस उंच घरे, डोक्यावर आभाळाची एक अरुंद पट्टी, वाट अडवून उभी असलेली एखादी गाय, आणि दर वीसपंचवीस पावलांवर फुटणारी नवी गल्ली. एक गल्ली घाटाच्या पायऱ्यांवर नेऊन सोडते, तर दुसरी फिरून फिरून हमरस्त्यावर आणते. अशा यात्रेकरूने कोणालाही वाट न विचारण्याचा हट्ट धरला आणि प्रत्येक चौफुलीवर केवळ दैवावर हवाला ठेवून पाऊल टाकले, तर हमरस्त्याला लागण्यापूर्वी त्याला गंगेचे दर्शन घडण्याचा संभव किती?

प्रश्न गमतीचा दिसतो. पण त्याचे उत्तर शोधू लागले की माणूस गणितातील एका मोठ्या शास्त्राच्या दाराशी येऊन उभा राहतो. जो घाटावर पोहोचलाच आहे त्याचा संभव शंभरापैकी शंभर. जो हमरस्त्याला लागला त्याचा शून्य. मधल्या एखाद्या चौफुलीवर जो उभा आहे तो पुढच्या क्षणी शेजारच्या चार चौफुलींपैकी एकीवर जाणार, आणि चारही दिशा त्याला सारख्याच. म्हणून त्याच्या जागेचा आकडा हा शेजारच्या चार जागांच्या आकड्यांची सरासरी असला पाहिजे. प्रत्येक ठिकाणी शेजाऱ्यांची सरासरी, एवढा एकच नियम पाळणाऱ्या अशा संख्यांच्या मांडणीला गणिती लोक हार्मोनिक फलन, म्हणजे प्रसंवादी फलन, असे म्हणतात.

या साध्या नियमातून दोन गोष्टी आपोआप निघतात. पहिली अशी की, सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा नेहमी काठावर सापडतो. आतमध्ये कोणीही आपल्या सर्व शेजाऱ्यांहून वरचढ असू शकत नाही, कारण तो त्यांचीच सरासरी आहे. दुसरी गोष्ट पहिलीच्याच पोटात आहे. काठावरचे आकडे एकदा ठरले की आतला प्रत्येक आकडा ठरून जातो. घाट कोठे आणि रस्ता कोठे एवढे सांगितले की गल्लीबोळांतील प्रत्येक चौफुलीचे भवितव्य लिहून झाले.

निसर्गाला हा नियम फार जवळचा आहे. तांब्याच्या पत्र्याची एक कड उकळत्या पाण्यात आणि दुसरी बर्फात ठेवून पुरेसा वेळ वाट पाहिली, तर पत्र्याच्या प्रत्येक बिंदूचे तापमान हे त्याच्या सभोवारच्या तापमानाची सरासरी होऊन स्थिरावते. विद्युत्‌भाराभोवतीच्या मोकळ्या जागेत आणि सूर्याभोवतीच्या पोकळीत हाच नियम चालतो. तेथे ज्या राशीची सरासरी घ्यावयाची तिला इंग्रजीत पोटेन्शियल म्हणतात. मराठी परिभाषेत तिला वर्चस् असा तेजस्वी शब्द मिळाला आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने हा नियम कलनशास्त्राच्या भाषेत एका समीकरणात बांधला. फूर्येने १८२२ मध्ये उष्णतेचा ग्रंथ लिहिला, ग्रीनने १८२८ मध्ये विद्युतेचा प्रबंध लिहिला, आणि वर्चसाचे शास्त्र उभे राहिले.

परंतु या समीकरणाची एक अट आहे, आणि आजच्या विषयाचे मर्म त्या अटीत आहे. लाप्लासचे समीकरण लिहावयाचे तर राशीच्या बदलाचा वेग काढावा लागतो, आणि त्या वेगाच्या बदलाचाही वेग काढावा लागतो. याचा अर्थ असा की, ज्या जागेत ती राशी पसरली आहे ती जागा सलग, गुळगुळीत, सर्व दिशांनी भरलेली असावी लागते. जग तसे नसेल तर काय?

हा प्रश्न वाराणसीशी निगडित आहे, आणि त्याची वाट एका मराठी पंडिताच्या दारावरून जाते. १८४२ मध्ये बापूदेव शास्त्री हे तरुण ज्योतिर्विद येथील संस्कृत विद्यालयात गणित शिकविण्यासाठी आले. त्यांचे शास्त्राध्ययन आणि त्यांची पाश्चात्त्य गणिताशी ओळख ही दोन्ही सिहोर येथील लॅन्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याच्या आश्रयाने झाली होती. सूर्यसिद्धान्ताचे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी, १८५८ मध्ये, बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी एक लहानसे टिपण लिहून विद्वानांत चर्चा उठवून दिली होती. भास्कराचार्यांना कलनशास्त्राचे मूळ तत्त्व अवगत होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. ग्रहाची एका दिवसातली सरासरी गती वेगळी आणि अमुक एका क्षणाची तात्कालिक गती वेगळी, हा भेद भास्कराचार्यांनी ११५० मधील आपल्या सिद्धान्तशिरोमणीत केला आहे, याकडे शास्त्रीबोवांनी बोट दाखविले. त्यांचा दावा पूर्णपणे मान्य झाला नाही. विल्यम स्पॉटिस्वुड या इंग्रज गणितज्ञाने लगोलग त्याची चिकित्सा केली. तथापि वादाचा विषय लक्षात ठेवण्याजोगा आहे. प्रत्येक क्षणाला आपली एक निश्चित गती असते, हे त्या वादात दोन्ही पक्षांनी गृहीत धरले होते.

पुढे चौदा वर्षांनी, १८७२ मध्ये, बर्लिनच्या वायरस्ट्रासने त्या गृहीताला सुरुंग लावला. कोठेही तुटलेली नाही, पण जिला कोणत्याही बिंदूवर निश्चित दिशाच नाही, अशी एक रेषा त्याने सूत्राने मांडून दाखविली. भिंगाखाली ती कितीही मोठी करून पाहिली तरी ती सरळ होत नाही. दातऱ्यांतून नव्या दातऱ्या निघतात. अशा रेषेवरून चालणाऱ्याला तात्कालिक गती हा शब्दच वापरता येत नाही. अनेक थोर गणितज्ञांना ही निर्मिती विकृत वाटली. निसर्गात असले काही नसते, ही एक बौद्धिक कसरत आहे, असे म्हणून बहुतेकांनी तिच्याकडे पाठ फिरविली.

ज्यांनी पाठ फिरविली नाही त्यांत बलियाचा एक तरुण होता. गणेश प्रसाद यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८७६ चा. अलाहाबाद विद्यापीठाची डी. एस्सी. ही पदवी त्यांनी १८९८ मध्ये, वयाच्या बावीसाव्या वर्षाच्या सुमारास, मिळविली. पुढील वर्षी ते केंब्रिजला गेले आणि तेथून जर्मनीत गटिंगेनला. त्या काळी क्लाइन आणि हिल्बर्ट यांच्यामुळे गटिंगेन ही गणिताची काशी झाली होती. तेथील राजकीय विज्ञानसंस्थेने १९०३ मध्ये गणेश प्रसाद यांचा एक प्रबंध प्रसिद्ध केला. त्याचा विषय होता पदार्थाची घडण आणि उष्णतेच्या वैश्लेषिक उपपत्ती.

हे शीर्षक दोन शब्दसमूहांचे आहे आणि त्या दोहोंना जोडणाऱ्या 'आणि' या शब्दात एक जबरदस्त शंका दडलेली आहे. फूर्येचे उष्णतेचे समीकरण पदार्थ सलग आहे असे मानून लिहिलेले. परंतु पदार्थ तर कणांचा बनलेला, मध्ये पोकळ्या असलेला. मग त्या समीकरणातील बदलाचा वेग नेमका कशाचा? उत्तर बरोबर येते म्हणून पद्धत बरोबर, असे पदार्थवैज्ञानिक म्हणू शकतो. गणिती असे म्हणू शकत नाही. कणाकणांनी बनलेल्या वस्तूत उष्णतेच्या समीकरणाला अर्थ कोणता, हा प्रश्न त्या तरुणाने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर विचारला.

१९०४ मध्ये ते स्वदेशी परतले, आणि थोड्याच काळात वाराणसीच्या क्वीन्स कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. बापूदेव शास्त्र्यांचे संस्कृत विद्यालय याच संस्थेशी जोडलेले होते. १९१४ ते १९१७ ही वर्षे कलकत्ता विद्यापीठात काढून ते पुन्हा वाराणसीस आले, ते पंडित मदनमोहन मालवीयांच्या नव्या हिंदू विश्वविद्यालयात. १९१८ मध्ये त्यांनी बनारस मॅथेमॅटिकल सोसायटीची स्थापना केली. हीच संस्था पुढे भारत गणित परिषद या नावाने लखनौस नांदू लागली. १९२३ मध्ये ते कलकत्त्यास हार्डिंज प्राध्यापकाच्या आसनावर गेले आणि ९ मार्च १९३५ रोजी आग्रा येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या संशोधनाकडे आज पाहिले असता दोन प्रवाह स्पष्ट दिसतात. एक वर्चसाचा. प्रसंवादी फलनांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९३० ते १९३२ या काळात वाराणसीहून दोन भागांत प्रसिद्ध झाला. दुसरा प्रवाह वायरस्ट्रासच्या दिशाहीन रेषांचा. त्यांचे शिष्य अवधेश नारायण सिंह यांनी लखनौ विद्यापीठात याच विषयावर दिलेली व्याख्याने १९३५ मध्ये, म्हणजे गुरूच्या निधनाच्याच वर्षी, ग्रंथरूपाने निघाली. या दोन प्रवाहांना एकत्र आणण्याची धडपडही गणेश प्रसाद यांच्या लेखांत आढळते. वस्तूची घनता एखाद्या बिंदूजवळ अनावर हेलकावे खात असेल, तर त्या बिंदूवर वर्चसाचे समीकरण टिकते की कोलमडते, याची कसोशीने केलेली तपासणी त्यांत आहे. मात्र जागा त्यांनी गुळगुळीतच धरली होती. खडबडीत होती ती तिच्यात भरलेली वस्तू. जागाच खडबडीत असली तर काय, हे पाऊल त्या काळी कोणीच टाकले नव्हते.

१९३२ मध्ये मालवीयजींनी हिंदू विश्वविद्यालयाच्या गणित विभागावर कोल्हापूरच्या विष्णू वासुदेव नारळीकर यांना आणले. केंब्रिजहून नुकत्याच आलेल्या या तरुणाचे वय तेव्हा चोवीस वर्षांचे होते. १९६० पर्यंत त्यांनी तो विभाग सांभाळला आणि आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या उपपत्तीचे एक केंद्र वाराणसीत उभे केले. त्या उपपत्तीत अवकाशालाच वक्रता येते. आणि गुरुत्व क्षीण असेल तेथे तिच्यातून लाप्लासचे जुने वर्चस् पुन्हा प्रकट होते. त्यांचे चिरंजीव जयंत नारळीकर १९५७ मध्ये याच विद्यापीठातून पदवीधर होऊन केंब्रिजला गेले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. जागा ही निमूट पार्श्वभूमी नसून तिचाही गणितात विचार करावा लागतो, हा धडा या विभागात दिला जात होता. मात्र आइन्स्टाइनची जागा वाकडी असली तरी गुळगुळीतच होती.

खडबडीत जागेचा नमुना मात्र १९१५ मध्येच तयार झाला होता. पोलंडच्या शिएर्पिन्स्की या गणितज्ञाने तो दिला. ज्या श्रोत्यांच्या हाताशी कागद आणि पेन्सिल असेल त्यांनी एक समभुज त्रिकोण काढावा, तिन्ही बाजूंचे मध्यबिंदू जोडावेत आणि मधला त्रिकोण कापून टाकावा. उरलेल्या तीन त्रिकोणांवर हीच क्रिया करावी, मग नऊंवर, मग सत्तावीसांवर. आणि मनाने ती अनंतापर्यंत न्यावी. जे उरते ती एक जाळी असते. तिचे क्षेत्रफळ शून्य, लांबी अनंत, आणि मिती सुमारे १.५८, म्हणजे रेषेहून अधिक आणि पृष्ठाहून कमी. असल्या आकृतींना १९७५ मध्ये मॅन्डेलब्रॉटने फ्रॅक्टल हे नाव दिले, आणि ढग, किनारे, सच्छिद्र खडक, झाडाच्या फांद्या यांत अशाच आकृती दिसतात असे दाखवून त्यांच्यावरचा विकृतीचा शिक्का पुसून टाकला.

या जाळीवर उष्णता कशी पसरेल? येथे बदलाचा वेग काढण्यासाठी सलग जागाच नाही. लाप्लासचे समीकरण लिहिताच येत नाही. परंतु काशीच्या वाट चुकलेल्या यात्रेकरूचा नियम येथेही चालतो. समीकरण सोडावे आणि सरासरी धरावी.

मोठ्या त्रिकोणाच्या शिखरावर १०० अंश तापमान ठेवावे आणि पायाच्या दोन कोपऱ्यांवर शून्य. तर दोन तिरप्या बाजूंच्या मध्यांवर ४०-४० अंश येतात आणि पायाच्या मध्यावर २०. ताळा पाहावा. डाव्या बाजूच्या मध्याचे चार शेजारी म्हणजे १००, ०, ४० आणि २०; बेरीज १६०, सरासरी ४०. पायाच्या मध्याचे चार शेजारी म्हणजे ०, ०, ४०, ४०; सरासरी २०. यातला नियम सोपा आहे. बाजूच्या दोन टोकांचे आकडे दोनदोनदा घ्यावेत, समोरच्या कोपऱ्याचा एकदा, आणि बेरजेला पाचाने भागावे.

आता एक पायरी खाली उतरून लहान त्रिकोणांना हाच नियम लावावा. डाव्या बाजूच्या मध्यावर जो ४० होता त्याला आता जवळचे नवे शेजारी मिळतात. त्यांचे आकडे ६४, ५२, २४ आणि २० येतात. बेरीज पुन्हा १६० आणि सरासरी पुन्हा ४०. जुन्या आकड्याला धक्का लागला नाही. आणखी हजार पायऱ्या उतरल्या तरी तो लागत नाही. प्रत्येक पायरीवर मिळालेले उत्तर आधीच्या उत्तराशी जुळते, आणि म्हणूनच अनंतापर्यंत गेलेल्या जाळीवरही प्रसंवादी फलनाला पक्का अर्थ मिळतो. बदलाचा वेग कोठेही न काढता, तात्कालिक गती हा शब्द न उच्चारता, वर्चसाचे शास्त्र उभे राहिले.

हे काम गेल्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत झाले. त्याच्या आरंभीच एका भारतीयाचे नाव येते. दीपक धर यांनी १९७७ मध्ये, अमेरिकेत संशोधक विद्यार्थी असतानाच, अपूर्णांकी मितीच्या जालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला; पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी अनेक दशके काम केले, आणि २०२२ मध्ये बोल्ट्झमन पदक मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले. १९८७ मध्ये जपानचे कुसुओका आणि अमेरिकेचे गोल्डस्टाइन यांनी शिएर्पिन्स्कीच्या जाळीवरचे यदृच्छ भ्रमण गणिती काटेकोरपणे मांडले. १९८८ मध्ये बार्लो आणि पर्किन्स यांनी त्याचे सूक्ष्म गुणधर्म काढले. १९८९ मध्ये किगामी यांनी भ्रमणाची कुबडीही बाजूस ठेवून, नुकत्याच सांगितलेल्या सरासरीच्या मार्गाने, त्या जाळीवर सरळ लाप्लासची क्रियाच घडविली.

अशा जागेत भौतिक नियम आपला चेहरा बदलतात. सरळ सळईचे एक टोक १०० अंशांवर आणि दुसरे शून्यावर ठेवले तर मधली तापमाने ७५, ५० आणि २५ अशी समान पायऱ्यांनी उतरतात. जाळीच्या डाव्या कडेवर ती ६४, ४० आणि २० अशी उतरतात. मोकळ्या मैदानात यदृच्छेने भटकणाऱ्याला दुप्पट दूर जावयाचे असेल तर चौपट वेळ लागतो. या जाळीत पाचपट लागतो, कारण छिद्रे त्याला पुन्हा पुन्हा माघारी वळवितात. जाळीची एकेक पायरी वाढविली की दोन कोपऱ्यांमधला विजेचा रोध पाच तृतीयांश पट होतो. आणि गणिताला सर्वांत चमत्कारिक वाटणारी गोष्ट अशी की, येथे ज्या फलनावर लाप्लासची क्रिया व्यवस्थित चालते त्याचा नुसता वर्ग केला तर त्या वर्गावर ती चालत नाही. शाळेत शिकविलेला गुणाकाराचा साधा विश्वासही या भूमीवर जपून वापरावा लागतो.

जागा गुळगुळीत आणि केवळ काठ खडबडीत असला तरीही आश्चर्ये संपत नाहीत. कोकणच्या किनाऱ्यासारखा दंतुर किनारा मनात आणावा आणि समुद्रातून यदृच्छेने भटकत येणारे एक तारू कोठे लागेल ते पाहावे. ते बहुतेक वेळा पुढे आलेल्या एखाद्या भूशिराला लागेल; खोल खाडीच्या आतल्या टोकापर्यंत ते क्वचितच पोहोचेल. वीज उंच शिखरावर पडते त्याचे कारणही या कारणाचे सख्खे भावंड आहे. रशियाच्या माकारोव्हने १९८५ मध्ये सिद्ध केले की, पृष्ठावरचा सलग किनारा कितीही वेडावाकडा असो, त्याची मिती कितीही असो, अशा भटक्यांना भेटणाऱ्या भागाची मिती नेमकी एकच असते. किनारा आपले अनंत दात पुढे करतो आणि येणारा पाहुणा त्यांतले मोजकेच पाहतो.

हे सारे केवळ कागदावर राहत नाही. सच्छिद्र खडकातून पाणी वा तेल कसे झिरपते, विस्कळीत रचनेच्या घन पदार्थात उष्णता व कंप कसे पसरतात, या प्रश्नांत फूर्येची सलग वस्तू अपुरी पडते आणि जाळीचे गणित उपयोगी पडते. म्हणजे १९०३ मध्ये गटिंगेनच्या प्रबंधात उपस्थित केलेली शंका निरर्थक नव्हती. पदार्थाची घडण आणि उष्णतेचे समीकरण ही दोन खरोखरच परस्परांना बांधलेली आहेत. वस्तूची वीण बदलली की समीकरण बदलते, चाराचे पाच होतात, आणि नियम नव्याने शोधावा लागतो.

गणेश प्रसाद यांना हे उत्तर पाहावयास मिळाले नाही. वर्चस् आणि दिशाहीन रेषा हे दोन्ही विषय त्यांनी आयुष्यभर हाताळले, वाराणसीत आणि कलकत्त्यात शिष्यांना शिकविले, त्यांच्यावर ग्रंथ लिहिले. त्या दोहोंचा संगम मात्र त्यांच्या निधनानंतर सुमारे अर्ध्या शतकाने झाला. शास्त्रात असे पुष्कळदा घडते. प्रश्न विचारणारा एका पिढीत जन्मतो आणि उत्तराची साधने दुसऱ्या पिढीत. अशा वेळी पहिल्याचे काम एवढेच असते की, उत्तर बरोबर येते आहे ना, मग शंका कशाला, या मोहाला त्याने बळी पडू नये. ते काम त्यांनी केले.

वाराणसीच्या गल्ल्यांत आजही यात्रेकरू वाट चुकतात. त्या गल्ल्यांची आखणी कोणी फूटपट्टीने केलेली नाही. घरे वाढत गेली, भिंती पुढे सरकल्या, वाटा अरुंद होत गेल्या. तेथे उभे राहून सरळ रेषेचे गणित मांडू पाहणारा फसेल. परंतु ज्या चौफुलीवर आपण उभे आहोत तिच्या भोवतालच्या चार चौफुलींचा आकडा ज्याला ठाऊक आहे, त्याला आपला आकडाही ठाऊक आहे. आणि तेवढ्यावर गंगेपर्यंतचा हिशेब पुरा होतो.